मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : नेमके अंतर किती आणि प्रवासाचे खरे तास किती?

शाहूपुरीकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. आयुष्यभर आकड्यांशीच संबंध आल्यामुळे असेल, पण जे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ते मला स्वस्थ बसू देत नाहीत. आमची मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता १८ ऑक्टोबरला मुंबईहून दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार असून १० जानेवारीला तेथून परत निघणार आहोत. विमानाचा प्रवास आम्हाला नवा आहे.

पहिला प्रश्न अंतराचा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर मला एका ठिकाणी १३,५२८, दुसऱ्या ठिकाणी ८,४०६ आणि तिसऱ्या ठिकाणी ७,३०५ असे मिळाले. यांपैकी खरे कोणते धरावे?

दुसरा प्रश्न वेळेचा. तिकिटाप्रमाणे मुंबईहून पहाटे ४.३० ला निघायचे, दुबईला सकाळी ६.१५ ला पोहोचायचे, तेथून ८.५५ ला दुसरे विमान आणि सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १.४५ ला उतरायचे. तारीख तीच, १८ ऑक्टोबर. सरळ वजाबाकी केली तर सव्वानऊ तास येतात. परतीच्या तिकिटावर १० जानेवारीला दुपारी ४.०० ला निघून १२ जानेवारीला पहाटे २.२५ ला मुंबई, म्हणजे ३४ तास २५ मिनिटे. जाण्याला सव्वानऊ आणि येण्याला जवळजवळ साडेचौतीस, असा ताळेबंद बँकेत कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्यावर सही केली नसती. तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांना विचारले, तर त्यांनी "काका, ते आपोआप जुळतं" एवढेच उत्तर दिले.

तिसरे असे, की सिंगापूरमार्गे तिकीट काहीसे स्वस्त मिळत आहे आणि आमचे दुबईचे तिकीट अद्याप बदलता येण्यासारखे आहे. बदलावे का? आणि पहाटे साडेचारच्या विमानासाठी कोल्हापुरातून केव्हा निघावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


भूगोलाचे मास्तर

शाहूपुरीकर, आपले तिन्ही आकडे बरोबर आहेत. फरक केवळ एककांचा आहे. १३,५२८ हे किलोमीटर, ८,४०६ हे आपले नेहमीचे मैल आणि ७,३०५ हे सागरी मैल. साधा मैल १.६०९३४ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा; भागून पाहिलेत की हिशेब पैशापर्यंत जुळेल. वैमानिक व दर्यावर्दी सागरी मैलच वापरतात, कारण अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, आणि नकाशावरून अंतर काढताना ते सोयीचे पडते. उद्या आपल्याला कोठे १३,५१० हा चौथा आकडा दिसला तरी गडबडून जाऊ नये. पृथ्वी पूर्ण गोल मानली म्हणजे तो येतो. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवाकडे ६,३५७, आणि तेवढ्यामुळे अठरा-वीस किलोमीटरचा फरक पडतो.

परंतु अंतर समजून घ्यायचे असेल तर आकड्यांपेक्षा दोरा बरा. मी वर्गात हा प्रयोग अनेक वर्षे करीत आलो. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर त्याचा व्यास बहुधा तीस सेंटीमीटर असतो, म्हणजे परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर धरला तर गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर झाले. शिवणाच्या दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर न्यावे आणि दोरा ताणून घ्यावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर येऊन बसतो. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहणाऱ्या माणसाला वाटते, की अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडे जायचे. दोरा मात्र मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडे सुटतो, दिल्लीच्या थोड्या पश्चिमेने काश्मीरकडे जातो, मग मध्य आशिया आणि सायबेरिया ओलांडून सुमारे ७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्काच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरतो. त्याची लांबी भरते जवळपास ३२ सेंटीमीटर. यालाच बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात.

आता दुबईमार्गे मोजा. मुंबई ते दुबई साडेचार सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १,९३० किलोमीटर. तेथून सॅन फ्रान्सिस्को १३,०४० किलोमीटर. दुबई साधारण ५५ अंश पूर्व रेखांशावर आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम रेखांशावर; दोन्ही मिळून १७७ अंशांच्या वर जातात, म्हणजे दोन्ही ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. त्यामुळे हा दोरा उत्तर ध्रुवाला घासूनच जातो. गणिताने काढले तर ध्रुवापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. सारी भूगोलाची पुस्तके शिकवून झाल्यावर मला हे स्वतःच्या हाताने दोरा धरल्यावरच खरे वाटले होते, हे कबूल करतो.

दुबईमार्गे एकूण सुमारे १४,९७० किलोमीटर झाले, सरळ अंतराहून साडेचौदाशे अधिक. सिंगापूरमार्गे हाच हिशेब ३,९१० अधिक १३,५९०, म्हणजे साडेसतरा हजार होतो. दोरा ४१ सेंटीमीटरचा लागेल.


वारा पाठीचा

मी काही वर्षे विमानांच्या उड्डाण-नियोजनाचे काम केले आहे, म्हणून मास्तरांच्या दोऱ्याला थोडी पुस्ती जोडतो. दोरा अंतर अचूक सांगतो, परंतु वेळ सांगत नाही. विमान हवेतून जाते, आणि हवा स्वतः चालत असते.

लांब पल्ल्याचे विमान साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जाते. त्याच उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. हा वारा पाठीमागून मिळाला तर जमिनीच्या हिशेबात विमान धावू लागते, समोरून आला तर त्याची चाल मंदावते. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना वेळापत्रक साडेनऊ ते दहा तासांचे असते, येताना नऊच्या आसपास. ताशी शंभर किलोमीटरचा वारा वाटभर सारखा आहे असे धरले तर जाताना ७,२०० भागिले ८०० म्हणजे नऊ तास, येताना ७,२०० भागिले १,००० म्हणजे सात तास बारा मिनिटे. बेरीज सोळा तास बारा मिनिटे येते, वारा नसता तर ती सोळा आली असती. एका दिशेला वाऱ्याने जेवढा वेळ वाचवला त्याहून अधिक तो दुसऱ्या दिशेला वसूल करतो; बँकेतील माणसाला हे व्याज लगेच कळावे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच देशातील आहे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी युरोप व अटलांटिकवरून पश्चिमेकडे जात असे. त्या वाटेने अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी प्रवास साडेचौदा तासांत पुरा झाला, पूर्वीपेक्षा कमी वेळात. चौदाशे किलोमीटर अधिक कापूनही विमान लवकर पोहोचले, कारण वारा पाठीचा होता आणि पृथ्वी फिरते त्याच दिशेने सारा प्रवास होता. पृथ्वीच्या फिरण्याने विमानाला थेट काही मदत होते असा मात्र अर्थ कोणी काढू नये. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतच असते. लाभ होतो तो फक्त वाऱ्याचा.

शिवाय दोऱ्याच्या वाटेवर विमानाला नेहमीच जाता येत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे आहे, पण आंबा घाटाने गेलात तर रस्ता १३० च्या घरात जातो. आकाशातही असे घाट आहेत. हिमालय आणि तिबेटचे पठार हा एक. केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू साधारण पंधरा मिनिटेच पुरतो. जेथे जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे तेथे खाली यायचे कोठे? दुसरा घाट राजकारणाचा. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केले. मुंबई–दुबई वाट अरबी समुद्रावरून जाते, त्यामुळे आपल्या पहिल्या टप्प्याला त्याची विशेष झळ नाही.

राहिले तिकिटावरचे तास. ते चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचे नसतात. विमान एका दारापासून मागे सरकते तेव्हापासून दुसऱ्या दाराशी उभे राहते तोपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि उतरण्यासाठी घातलेल्या घिरट्या हे सारे त्यात धरलेले असते. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आणि वेळ तासाभराचा, म्हणजे सरासरी ताशी तीनशे पडते. तेच दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४० किलोमीटर पावणेसोळा ते सोळा तासांत, म्हणजे सरासरी सव्वाआठशेच्या आसपास. लहान पल्ल्यात विमानाचा निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

सिंगापूरविषयी माझे मत : जाताना पॅसिफिकवर वारा पाठीचा मिळतो, त्यामुळे सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को हा टप्पा दुबईच्या टप्प्याहून लांब असूनही पंधरा-साडेपंधरा तासांत होतो. परतताना तोच टप्पा सतरा तासांच्या आसपास जातो, आणि मुंबई–सिंगापूरचे पाच-साडेपाच तास दोन्ही वेळा आहेतच. जानेवारीत जेट प्रवाह ऐन भरात असतो. या वयात मी दुबईच निवडेन.


रंकाळावेस

काका, वेळेच्या ताळेबंदाचे उत्तर मी देते. मी मुलाकडे तीनदा जाऊन आले आहे आणि पहिल्या वेळी माझीही हीच वजाबाकी झाली होती. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची छापलेली असते. म्हणून आधी सारे भारतीय वेळेत आणावे आणि मगच वजाबाकी करावी.

ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असते. दुपारचे १.४५ म्हणजे आपल्याकडे १९ तारखेची पहाट, २.१५. मुंबईतून १८ च्या पहाटे ४.३० ला निघालात, म्हणजे एकूण २१ तास ४५ मिनिटे. टप्प्यांनी पाहिले तरी तेच : दुबईपर्यंत सव्वातीन तास (दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणून ४.३० ते ६.१५ हे पावणेदोन दिसतात), तेथे दोन तास चाळीस मिनिटे थांबा आणि पुढे १५ तास ५० मिनिटे.

परतीला एक गंमत आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणजे तुम्ही तेथे असतानाच फरक साडेबाराचा साडेतेरा तास होईल. १० जानेवारीचे दुपारी चार म्हणजे आपले ११ जानेवारीचे पहाटे ५.३०, तेथून १२ तारखेच्या २.२५ पर्यंत २० तास ५५ मिनिटे. सव्वानऊमध्ये साडेबारा मिळवा, चौतीस-पंचवीसमधून साडेतेरा वजा करा. आता सही करायला हरकत नसावी.

आणखी एक. मनगटावरचे घड्याळ कोल्हापूरच्याच वेळेला ठेवा, मोबाइल आपला तेथील वेळ दाखवील. रक्तदाबाची गोळी दर चोवीस तासांनी घ्यायची असेल तर "सकाळ झाली" म्हणून घेऊ नका. विमानात खिडकीबाहेरची सकाळ फसवी असते. डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून तासांप्रमाणे लिहून घ्या.


उजळाईवाडीकर

विमानतळाच्या शेजारीच घर असल्यामुळे मला वाटते, की कोल्हापूरच्या टप्प्याविषयी मीच लिहावे. आपला विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुंबईचे विमान तासाभरात पोहोचते. मात्र वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, आणि मुख्य गोष्ट अशी, की कोल्हापूर–मुंबई तिकीट वेगळे काढले असेल तर ते विमान रद्द झाल्यास पुढच्या विमान कंपनीवर त्याची कोणतीही जबाबदारी राहत नाही. पावसाळी हवेत वा धुक्यात उड्डाण रद्द होते तेव्हा हे उमगते. विमानाने जायचेच असेल तर आदल्या दिवसाचे धरावे.

तारखेविषयी विशेष सावध राहावे. १८ ऑक्टोबरची पहाट ४.३० म्हणजे विमानतळावर १७ च्या रात्री, बारा-एकच्या सुमारास हजर व्हायचे. आमच्या एका नातलगांनी "अठराचे विमान" एवढेच डोक्यात ठेवले, अठराच्या दुपारी दही-भात खाऊन कोल्हापुरातून निघाले आणि कराडला पोहोचल्यावर मुलाचा फोन आला, की तुम्ही अजून दुबईत कसे उतरला नाहीत.


कागलकर

मोटारीने अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे, पण सातारा–कागल सहापदरीकरणाची वळणे आणि पुण्याची गर्दी धरून मी हल्ली नऊ तास राखून ठेवतो. नकाशावरचे सात तास मनावर घेऊ नयेत. दोन मोठ्या बॅगा आणि वयस्कर माणसे असतील तर महालक्ष्मी एक्सप्रेस उत्तम. रात्री नऊच्या सुमारास कोल्हापूर सोडावे आणि सकाळी मुंबईत.


शाहूपुरीकर

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. नातवाच्या जुन्या पेटीतून पृथ्वीगोल काढला, सौ.च्या शिवणाच्या डब्यातून साडीला फॉल लावायचा दोरा घेतला आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मोजले. मुंबई–दुबई साडेचार, दुबई–सॅन फ्रान्सिस्को साडेतीस. बेरीज ३५ सेंटीमीटर. दोरा ध्रुवावरच्या पितळी खिळ्याला अडला, तो किंचित बाजूला सरकवावा लागला. सौ. म्हणाल्या, "म्हणजे आपण खिळ्यावरून जायचं होय?"

दुबईचेच तिकीट कायम ठेवले आहे. १६ च्या रात्री महालक्ष्मीने निघू, १७ चा दिवस दादरला बहिणीकडे काढू आणि रात्री अकराला विमानतळाकडे जाऊ. १६ च्या रात्री आठला घराला कुलूप लावले आणि विमानतळावरील तपासणी वगैरे उरकून मुलीच्या दारात तेथील पावणेचारला पोहोचलो, तर भारतीय वेळेप्रमाणे सव्वाछप्पन्न तास होतात. त्यांपैकी विमानात बसून जाणारे तास एकोणीस आणि पाच मिनिटे.

एक शंका उरली आहे. दुबईत दोन तास चाळीस मिनिटे आहेत, परंतु सौ.चे गुडघे दुखतात. एवढ्या वेळात एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत चालणे जमेल का?


रंकाळावेस

काका, चालायला लावूच नका. चाकाच्या खुर्चीची विनंती तिकिटावर आजच नोंदवून घ्या, जाताना आणि येताना दोन्हीची, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करून खात्री करा. दुबईत विमानाच्या दाराशीच माणूस खुर्ची घेऊन उभा असतो. तुम्ही मागून चालत या. बॅग मात्र स्वतःच्या हातात ठेवा.